विषय: क्लिक थांबवा (उत्तर: माणची टाकी)

मंडळी,
साताऱ्यातल्या माण तालुक्यातल्या शाळेच्या पाण्याच्या टाकीसाठी रविवारच्या मेलमध्ये आलेली "रोज दोन जाहिरातींवर क्लिक करा, तेवढीच टाकीला मदत" ही ओळ मी आपल्या मंडळाच्या होमपेजवरून काढली आहे. आपल्या साईटवर जाहिराती लावणाऱ्या गूगलच्या अ‍ॅडसेन्सच्या नियमांत स्पष्ट आहे: स्वतःच्या जाहिरातींवर क्लिक करायचं नाही, दुसऱ्यांना करायला सांगायचं नाही, "अमक्या कामासाठी पैसे उभे राहतील" असं सांगूनही नाही. खातं बंद झालं तर साठलेलंही अडकेल. खात्यात ८१ डॉलर आहेत, १०० झाल्याशिवाय गूगल पैसे पाठवत नाही. कृपया आजपासून कुणी क्लिक करू नका.
– वेबसाईट समिती

---

ओळ मी लिहिली होती. काढण्याआधी एक फोन करायचात.
मार्चमध्ये शाळेत गेले तेव्हा मुली दप्तराबरोबर पाच लिटरचा कॅन घेऊन येत होत्या. कडीला फडकं गुंडाळलेलं, बोटांना काचू नये म्हणून. ते बघून आल्यावर मला गप्प बसवत नाही. १९९९ मध्ये हंगर साईट सुरू झाली तेव्हा रोज एक क्लिक केलं की भुकेल्यांना धान्य जायचं. मी वर्षभर एक दिवस चुकवला नाही. ते चालत होतं, मग आपलंच का नाही?
– टाकीवाली ताई

---

ताई, तिथलं बटण साईटचं स्वतःचं होतं. ते दाबलं की प्रायोजकांचं पान उघडायचं आणि ते पान दिसल्याचे पैसे प्रायोजक द्यायचे. जाहिरातीवर क्लिक करा असं कुणी सांगत नव्हतं. फोन न केल्याबद्दल माफ करा.
– वेबसाईट समिती

---

खजिनदार म्हणून सांगतो. जाहिरातीची कमाई अमेरिकेच्या कर खात्याच्या, म्हणजे आयआरएसच्या लेखी आपल्या कामाशी संबंध नसलेला धंदा. वर्षाला एकूण १००० डॉलर झाले की ९९०-टी हा कराचा फॉर्म भरावा लागतो. त्यापेक्षा प्रायोजक घ्या. दुकानाचं नाव, लोगो आणि "आभारी आहोत" एवढंच लिहिलं तर तो प्रश्न येत नाही. "तांदूळ दहा टक्के स्वस्त, आजच या" लिहिलंत की ती जाहिरात झाली.
– खजिनदार

---

किराणावाले आणि साडीवाले दिवाळी अंकाचे प्रायोजक आहेत. आम्ही ऑगस्टपासून त्यांच्या दारात उभे असतो. टाकीसाठी त्यांच्याकडे जाण्याआधी आम्हाला विचारा. एकाच माणसाकडे एका महिन्यात दोनदा हात पसरायचा नाही.
– दिवाळी अंक

---

काका, प्रायोजकांचं नंतर ठरवा. पैसे पाठवणार कसे? ज्यांना पैसे पाठवायचे त्या साताऱ्याच्या संस्थेकडे एफसीआरए नोंदणी (परदेशी देणगी घेण्याची भारत सरकारची परवानगी) हवी, आणि २०२१ पासून परदेशातला पैसा स्टेट बँकेच्या नवी दिल्ली मुख्य शाखेतल्या खात्यातच उतरतो. संस्थेने तो पुढे शाळा समितीला द्यायचा, असं आपण गणपतीत ठरवलं होतं. तसं करता येणार नाही, त्या कायद्याच्या २०२० च्या दुरुस्तीने एका संस्थेचा परदेशी पैसा दुसरीला देणं बंद झालं. टाकी साताऱ्याच्याच संस्थेने बांधायला हवी. त्यांचा नोंदणी क्रमांक कुणाकडे आहे?
– एक सभासद

---

माझ्याकडे नाही. आज रात्री साताऱ्याला फोन करते, तिकडे सकाळ असेल. बांधकाम स्वतः करतील का तेही विचारते. अंकवाल्यांना न विचारता कुठल्याही दुकानात जाणार नाही. काढलेल्या ओळीच्या जागी कॅनचा फोटो लावा, खाली फक्त शाळेचं गाव लिहा. क्लिकचं काही नको.
– टाकीवाली ताई