आर्क्टिकमध्ये शिडं उभारून नक्की कशाकडे लक्ष वेधलं जातं?

उत्तरवारा (धागाकर्ता)

हवामानबदलाकडे जगाचं लक्ष वेधण्यासाठी आर्क्टिकमधून शिडाची बोट नेणाऱ्या मोहिमांबद्दल मी बरीच वर्षं वाचतो आहे. पूर्वी मी मनापासून त्यांच्या बाजूचा होतो. आता नाही. का ते मांडतो, चुकत असेन तर खोडून काढा.

आधी मला त्यात काय आवडायचं ते सांगतो. नॉर्वेचा दर्यावर्दी रोआल अमुंडसेन ‘योआ’ या छोट्या गलबतातून सहा साथीदारांसह वायव्य मार्गाने, म्हणजे कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेटांच्या जाळ्यातून, पहिल्यांदा पार गेला. १९०३ ला निघाला, १९०६ ला पोचला. तीन हिवाळे वाटेत गेले. आणि २०१० मध्ये बोर्गे औसलांड आणि थोर्लाइफ थोर्लाइफसन या नॉर्वेच्या दोघांनी एका हलक्या ट्रायमरानमधून (तीन सांगाड्यांच्या शिडाच्या बोटीतून) रशियाच्या वरचा ईशान्य मार्ग आणि कॅनडाचा वायव्य मार्ग असे दोन्ही एकाच मोसमात पार केले, अख्ख्या आर्क्टिकला फेरी मारली. बर्फ किती मागे हटलाय हे लोकांना दाखवणं हा त्यांचा उद्देश होता आणि तो साधला असं मला तेव्हा वाटलं. ही दोन सालं शेजारी ठेवली की आलेख लागत नाही.

पण हेच दृश्य दुसऱ्या कोणाला काय सांगतं? २००७ च्या उन्हाळ्यात, उपग्रहांच्या नोंदी सुरू झाल्यापासून पहिल्यांदाच, वायव्य मार्ग पूर्ण मोकळा दिसला. २०१२ मध्ये ‘बेल्झेबब २’ ही फायबरग्लासची छोटीशी बोट वायव्य मार्गातल्या मॅक्लुअर सामुद्रधुनीतून गेली. हवामानबदल दाखवणं हाच तिचाही हेतू होता. त्याच सप्टेंबरात आर्क्टिकचा बर्फ सुमारे ३४ लाख चौरस किलोमीटरपर्यंत आक्रसला, तो नीचांक अजून टिकून आहे. आणि पुढच्याच वर्षी, २०१३ मध्ये, ‘नॉर्डिक ओरायन’ हे मालवाहू जहाज व्हँकूवरहून वायव्य मार्गाने फिनलंडला गेलं. पोटात काय होतं? कोळसा. २०१६ मध्ये ‘क्रिस्टल सेरेनिटी’ ही पर्यटकांची बोट हजारेक प्रवासी घेऊन त्याच वाटेने गेली.

शिडाच्या बोटींनी ही जहाजं आणली असं मी म्हणत नाही. जहाज कंपन्यांकडे स्वतःचे बर्फाचे नकाशे असतात. पण ‘आम्ही पार गेलो’ या बातमीत शोक कुठे उरतो? उरतो तो विजय. वाचणाऱ्याच्या मनात राहतं ते एवढंच की वाट खुली झाली.

दुसरा मुद्दा खर्चाचा. २०१६ च्या एका अभ्यासात असं दिसलं की वातावरणात सोडलेल्या प्रत्येक टन कार्बन डायऑक्साइडमागे सप्टेंबरमधला साधारण ३ चौरस मीटर समुद्री बर्फ कमी होतो. मोहिमेतल्या माणसांचे, छायाचित्रकारांचे, बदली खलाशांचे विमानप्रवास मोजा आणि किती खोल्यांच्या फरशीएवढा बर्फ गेला ते पाहा. तिथे जाऊन जे दाखवायचं तेच जाताना आपण वितळवतो, याचं मला फार वाईट वाटतं.

डोलकाठी

उत्तरवारा, तुमच्या धाग्यातलं दुःख खरं आहे, पण निष्कर्षाशी पूर्ण असहमत.

मी दोन उन्हाळे स्वालबार्डच्या, म्हणजे नॉर्वेच्या उत्तरेकडच्या आर्क्टिक बेटांच्या, किनाऱ्याने फिरणाऱ्या एका शिडाच्या जहाजावर खलाशी होते. पहिल्या वर्षी आम्ही नकाशावर हिमनदीचं टोक जिथे होतं तिथे नांगर टाकायला गेलो, आणि ते टोक बरंच आत सरकलं होतं. नकाशाप्रमाणे आमची बोट बर्फाच्या आत उभी होती! कप्तान काही बोलले नाहीत, पेन्सिलने नकाशावर तारीख लिहिली एवढंच. त्याआधी मी हवामानबदलावर पुष्कळ वाचलं होतं. त्या दिवसानंतर मी काम बदललं.

आता तुमच्या ३ चौरस मीटरबद्दल. हा आकडा २०१६ पासून उपलब्ध आहे. किती जणांना ठाऊक आहे? तुम्हाला ठाऊक आहे कारण तुम्हाला आधीपासून कळकळ आहे. ती कळकळ कुठून आली? तुम्हीच लिहिलंत की दोन सालं शेजारी ठेवली की आलेख लागत नाही. ती दुसरी तारीख त्या दोघांनी सुकाणूवर जागून काढलेल्या रात्रींतून मिळाली. आज तुम्हाला मोहिमा नकोत, पण तुमचा पहिला परिच्छेद त्यांच्यावरच उभा आहे.

एक गोष्ट मात्र कबूल करते. शिडाची बोट म्हटलं की लोकांना वाटतं सगळा प्रवास वाऱ्यावर. उन्हाळ्यात त्या अरुंद वाटांमध्ये वारा कित्येकदा पडलेला असतो नाहीतर समोरून येतो, आणि बर्फ सरकायच्या आत निसटायचं तर इंजिन लावावंच लागतं. हे मोहिमवाल्यांनी लपवू नये. लिटरचा हिशेब जाहीर करावा.

काठावरचा

कोणी बुडालं तर काय, याबद्दल दोघांपैकी एकानेही लिहिलं नाही.

२०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅनडाच्या उत्तरेकडच्या बेलॉ सामुद्रधुनीत एक शिडाची बोट बर्फात सापडून बुडाली. दोघे जण बर्फाच्या तुकड्यावर चढून थांबले, कॅनडाच्या तटरक्षक दलाच्या हेलिकॉप्टरने त्यांना उचललं. वाचले, फार बरं झालं. पण त्या भागात बर्फफोडी जहाजं मोजकी असतात आणि तीच तिथल्या वस्त्यांना जाणाऱ्या रसदेच्या जहाजांसाठी वाट मोकळी करतात. दक्षिणेतही हेच घडलंय. २०१३ च्या डिसेंबरात अंटार्क्टिकाजवळ ‘अकादेमिक शोकाल्स्की’ हे जहाज बर्फात अडकलं, आणि ५२ जणांना आणण्यासाठी ‘ऑरोरा ऑस्ट्रालिस’ या जहाजाला ऑस्ट्रेलियाच्या अंटार्क्टिकावरच्या केसी तळाची रसद उतरवण्याचं काम अर्धवट सोडून जावं लागलं. संदेश देणाऱ्याने धोका पत्करायचा आणि किंमत तिसऱ्यानेच मोजायची, हे मला पटत नाही. ध्रुवीय जहाजांसाठीचे आंतरराष्ट्रीय नियम २०१७ पासून लागू आहेत, पण छोट्या बोटी त्यांच्या कक्षेत येत नाहीत.

नोंदवही

धागाकर्त्यांच्या लिखाणात एक दुरुस्ती, कारण ती मूळ वादाला लागू पडते. अमुंडसेनचे तिन्ही हिवाळे बर्फाने अडवल्यामुळे गेले नाहीत. पहिले दोन तो किंग विल्यम बेटावर मुद्दाम राहिला, चुंबकीय ध्रुवाची निरीक्षणं घेण्यासाठी. पश्चिमेकडे पाणी मोकळं दिसत असताना थांबला. बर्फाने अडवलं ते तिसऱ्या हिवाळ्यात, पुढे गेल्यावर. त्यामुळे ‘तेव्हा तीन वर्षं, आता एक मोसम’ ही तुलना दिसते तेवढी सरळ नाही. मधल्या काळातलं उदाहरण घ्यायचं तर हेन्री लार्सनचं ‘सेंट रॉक’ १९४० ते १९४२ असं दोन हिवाळे काढून पार झालं आणि तेच जहाज १९४४ मध्ये परतताना ८६ दिवसांत गेलं. एका वर्षीचा बर्फ म्हणजे हवामानाचा कल नव्हे.

याचा दुसरा अर्धा भाग असा. २०१३ मध्ये चार जण वल्हवत वायव्य मार्ग एका मोसमात पार करायला कॅनडातल्या इनुविकहून निघाले, कारण तेच, हवामानबदल. वारा आणि बर्फामुळे त्यांना वाटेतल्या केंब्रिज बे या गावी थांबावं लागलं. मोहीम अशी थांबली की ‘मग कुठे वितळतोय बर्फ?’ म्हणणाऱ्यांना आयतं कोलीत मिळतं. मोहीम यशस्वी झाली म्हणजे तापमानवाढ खरी, असं एकदा मांडलं की मोहीम फसली म्हणजे ती खोटी, हेही त्याच तर्काने म्हणता येतं.

खरं काय घडतंय ते यापेक्षा गुंतागुंतीचं आहे. मध्य आर्क्टिकच्या कडेला बर्फ पातळ झाला की उत्तरेकडचा जुना, कित्येक वर्षांचा जाड बर्फ सुटतो आणि खाली या अरुंद सामुद्रधुन्यांमध्ये येऊन साचतो. म्हणून २००७ ते २०२१ या काळात वायव्य मार्गाच्या काही भागांत जहाजं जाऊ शकतील असे दिवस वाढण्याऐवजी कमी झालेले दिसले. तापमानवाढीमुळेच वाट तुंबते. हे बोटीच्या छायाचित्रात दिसत नाही, सांगावं लागतं.

उत्तरवारा

नोंदवही, दुरुस्ती मान्य. अमुंडसेन मुद्दाम थांबला होता हे मला माहीत नव्हतं, आणि तुलना चुकीची होती. उलट त्यामुळे माझं म्हणणं मला नव्याने कळतंय. पाणी मोकळं असताना तो दोन वर्षं एका जागी मोजमाप करत राहिला. आजच्या किती मोहिमा थांबतात?

हिमरेषा

इतका वेळ वाचते आहे. चर्चा बोटीतल्या माणसांची चालली आहे. काठावरच्या माणसांबद्दल लिहायचं आहे, जरा लांबेल.

अमुंडसेन जिथे राहिला त्या खाडीकाठी आज योआ हेवन हे इनुइट, म्हणजे आर्क्टिकच्या मूळ रहिवाशांचं, गाव आहे. इनुक्टिटुट या त्यांच्या भाषेत त्याचं नाव उक्सुक्टूक. तिथल्या नेत्सिलिक इनुइट लोकांकडून तो कातडी कपडे वापरायला आणि कुत्र्यांची घसरगाडी चालवायला शिकला. त्याच्या आधी, १८४५ मध्ये निघालेल्या फ्रँकलिनच्या ब्रिटिश मोहिमेतले १२९ जण याच परिसरात मेले. त्यांची जहाजं कुठे बुडाली याच्या आठवणी इनुइट लोक पिढ्यान्पिढ्या सांगत होते. बाहेरच्यांनी त्या नीट ऐकायला दीडशेहून अधिक वर्षं घेतली. ‘एरेबस’ २०१४ मध्ये सापडलं, आणि ‘टेरर’ २०१६ मध्ये, योआ हेवनच्याच एका रहिवाशाने दिलेल्या माहितीवरून.

हा इतिहास एवढ्यासाठी सांगितला की ‘लक्ष वेधणं’ हा शब्द मला खटकतो. तिथले लोक कधीपासून बोलतायत. २००५ मध्ये इनुइट नेत्या शीला वॉट-क्लूटिए यांनी कॅनडा आणि अलास्कातल्या इनुइटांच्या वतीने आंतर-अमेरिकन मानवाधिकार आयोगाकडे अर्ज केला होता. अमेरिकेच्या उत्सर्जनामुळे आमचं जगणं मोडतंय, हे मानवाधिकारांचं उल्लंघन आहे, असा. आयोगाने तो पुढे नेला नाही. त्या अर्जाबद्दल जगात किती बोललं गेलं आणि बाहेरून आलेल्या बोटींबद्दल किती, याचा विचार करून बघा.

आणखी एक. आपल्यासाठी बर्फ म्हणजे अडथळा आणि पाणी म्हणजे वाट. तिथे उलटं आहे. समुद्रावर बर्फ जमला की शिकारीला जाता येतं, शेजारच्या वस्तीतल्या नातेवाइकांकडे जाता येतं. बर्फ हाच रस्ता. तो उशिरा धरतो, लवकर सुटतो, आणि मधे कुठे दगा देईल याचा भरवसा राहिलेला नाही. म्हणून पाँड इनलेटसारख्या गावांत आता बर्फाची जाडी मोजणारी उपकरणं गाडीला जोडून ओढत नेतात, आणि कुठून जाणं सुरक्षित आहे ते गावाला कळवतात. मोहिमेची बातमी म्हणते ‘मार्ग खुला झाला’. काठावर उभ्या माणसासाठी त्याच दिवशी मार्ग बंद झालेला असतो.

डोलकाठी

हिमरेषा, तुमचं शेवटचं वाक्य वाचून बराच वेळ काही लिहिता आलं नाही. आम्ही ज्याला मोकळं पाणी म्हणून आनंदाने हाका मारायचो, ते कोणाचा तरी मोडलेला रस्ता असू शकतं हे दोन उन्हाळ्यांत एकदाही मनात आलं नाही. स्वालबार्डला मूळची वस्ती नाही, हे कारण असेल, पण ते पुरेसं नाही.

तरी माझं मूळ म्हणणं सोडत नाही. ‘तारा’ हे फ्रेंच जहाज २००६ च्या सप्टेंबरात मुद्दाम बर्फात गोठवून घेतलं गेलं आणि बर्फाबरोबर वाहत २००८ च्या जानेवारीत बाहेर पडलं, जवळपास ५०० दिवसांनी. असंच बर्फात गोठवून घेतलेल्या नान्सेनच्या ‘फ्राम’ जहाजाला १८९३ ते १८९६ अशी साधारण तीन वर्षं लागली होती. बर्फ पातळ आणि चपळ झाला याचा तो पुरावा होता, शास्त्रज्ञांना अपेक्षित होता त्यापेक्षा जोरदार. आणि ‘तारा’ला हे करता आलं कारण लोकांना त्या जहाजाचं, त्या अंधारातल्या दिव्याचं आकर्षण वाटलं. आकर्षण नसेल तर पैसा येत नाही, आणि पैसा नसेल तर मोजमापही होत नाही. उत्तरवारा, तुम्ही या दोन गोष्टी वेगळ्या करायला बघताय. त्या समुद्रावर तसं होत नाही.

काठावरचा

‘तारा’ला माझी हरकत नाही. तिचा मुक्काम ठरलेला होता आणि जबाबदारी कोणाची तेही ठरलेलं होतं. माझी हरकत उन्हाळ्यात घाईने पार व्हायला निघणाऱ्यांना आहे.

नोंदवही

डोलकाठींच्या बाजूने थोडं. शंभर-दीडशे वर्षांपूर्वीच्या जहाजांच्या दैनंदिन नोंदी आज शेकडो स्वयंसेवक उतरवून काढतायत, कारण उपग्रहांच्या आधीचा बर्फ कुठवर होता ते त्यांतूनच कळतं. त्या खलाशांनी हवामानबदलासाठी काही लिहिलं नव्हतं. रोज वारा, तापमान, बर्फ दिसला की नाही, एवढंच इमानाने लिहिलं. कॅनडाच्या आर्क्टिक पाण्याचा तळही आधुनिक पद्धतीने फार थोडा मोजला गेलाय. छोट्या बोटींनी खोलीच्या नोंदी दिल्या तरी त्या उपयोगी पडतात.

उत्तरवारा

डोलकाठी, ‘तारा’ मी विसरलो होतो, आणि ती माझ्या मुद्द्याच्या आड येते हे मान्य करतो. माझा विरोध आता असा उरला आहे: या टोकाकडून त्या टोकाला पार जाण्याला. पार गेल्याची बातमी होते आणि बातमी झाली की लोक पुढे सरकतात. एका गावात एक मोसम थांबा, तिथल्या माणसाला बोटीवर घ्या, तो कुठे न्यायचं म्हणेल तिथे न्या, त्याने सांगितलेलं त्याच्या नावाने छापा. अशी मोहीम निघाली तर मी स्वतः वर्गणी देईन.

डोलकाठी

निघाली तर मी सुकाणूवर येईन. पण तिथे आधी विचारावं लागेल की आम्ही यायला हवं आहे का. ते नाही म्हणाले तर?

हिमरेषा

तर जायचं नाही.