मोझांबिकची ओळख पाऊण तासात कशी करून द्यावी?

वेलदोडा:
वाचनालयाच्या अभ्यासमंडळात दर महिन्याला एका देशाची ओळख करून देतात. या खेपेला मोझांबिक आहे. तूर, चक्रीवादळं, वास्को द गामा, गॅस अशी सुटी सुटी माहिती भरपूर सापडते, पण तिला जोडणारा धागा सापडत नाही. मुख्य शंका अशा: राजधानी पार दक्षिणेच्या टोकाला का? गोव्याशी संबंध नेमका कसा होता? कोळसा, वीज, वायू सगळं असून देश गरीब का? उत्तरेत चाललेली लढाई कशाची आहे? आणि आपल्याकडे तूर तिथून का येते? जाणकारांनी सांगावं. वेळ पाऊण तास, श्रोते बहुतेक निवृत्त शिक्षक आणि बँकवाले, म्हणजे उलटतपासणी होणारच.

खलाशी:
छापील नकाशा टांगू नका, फळ्यावर काढा. त्यातच तुमचा धागा सापडेल.

आधी किनारा. उत्तरेला टांझानियाच्या हद्दीवरची रोवुमा नदी, तिथून दक्षिणेला मापुतोच्याही खाली, साधारण २,४७० किमी. क्षेत्रफळ सुमारे ८ लाख चौ. किमी, म्हणजे महाराष्ट्राच्या अडीच पटींहून थोडं जास्त. लोकसंख्या मात्र २०१७ च्या जनगणनेत जेमतेम २.८ कोटी. मग मधोमध झांबेझी. तिच्या दक्षिणेला बराचसा सखल, रेताड, कोरडा प्रदेश. उत्तरेला पठार आणि बरा पाऊस. झिंबाब्वेच्या सीमेवर बिंगा हे सर्वोच्च शिखर, २,४३६ मी.

आता दुसऱ्या रंगाचा खडू घ्या आणि रेल्वे काढा. दक्षिणेत मापुतोहून दक्षिण आफ्रिकेकडे. मध्यात बैराहून एक फाटा झिंबाब्वेकडे, दुसरा तेते प्रांतातल्या मोआतीझच्या कोळशाकडे. उत्तरेत नकालाहून मलावीकडे, आणि तिथून पुढे परत मोआतीझला. देश उत्तर-दक्षिण लांबलचक, आणि रूळ सगळे पूर्व-पश्चिम. मापुतो ते नकाला अशी रेल्वे नाही, कधीच नव्हती. उत्तर-दक्षिण जोडणारा एकच मोठा रस्ता आहे, एन-१, आणि त्यावरही झांबेझी ओलांडायला कायाजवळचा पूल २००९ मध्ये झाला. तोवर ट्रक तराफ्यावरून जात.

हे सगळं शेजाऱ्यांचा माल समुद्रावर आणण्यासाठी बांधलं गेलं, देश एकत्र बांधण्यासाठी नाही. राजधानीचं उत्तरही यातच आहे. उत्तरेतल्या मोझांबिक बेटावर शतकानुशतकं राजधानी होती. १८८६ मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या ट्रान्सवालमध्ये सोनं सापडलं, १८९५ मध्ये प्रिटोरियापर्यंत रेल्वे सुरू झाली, आणि १८९८ मध्ये राजधानी लोरेन्सो मार्किसला, म्हणजे आजच्या मापुतोला, गेली. सोन्यामागे राजधानी गेली म्हणा.

विजेचं तर फारच बोलकं आहे. झांबेझीवरचं काहोरा बासा धरण पोर्तुगिजांनी १९६९ ते १९७४ मध्ये बांधलं, क्षमता २,०७५ मेगावॅट. तिथून १,४०० किमी लांबीची एकदिश प्रवाहाची तार थेट जोहान्सबर्गजवळ जाते. मापुतोला वीज दक्षिण आफ्रिकेच्या जाळ्यातून येत राहिली: स्वतःच्या धरणाची वीज शेजाऱ्याच्या दारातून. धरणाची बहुसंख्य मालकी पोर्तुगालकडून मोझांबिककडे यायला २००७ उजाडलं. देशांतर्गत उत्तर-दक्षिण वाहिन्यांचं काम आत्ता कुठे टप्प्याटप्प्याने चाललंय.

बैरावर दोन मिनिटं ठेवाच. पुंगवे नदीच्या मुखाशी, अगदी सखल जागी वसलेलं बंदर, भरती-ओहोटीत ६ मीटरहून जास्त फरक, आणि गाळ इतका की सतत उपसावा लागतो. १४-१५ मार्च २०१९ च्या रात्री इदाई चक्रीवादळ इथेच आदळलं. सहाशेहून जास्त माणसं गेली, पण त्यात नुसता वारा नव्हता: वादळ आत सरकून डोंगरांवर कोसळलं आणि पुंगवे-बुझी नद्यांचा पूर मागून आला. सहा आठवड्यांत केनेथ वादळ उत्तर टोकाला आलं.

उंबरठा:
इतिहासाकडे वळतो. वास्को द गामा १४९८ मध्ये आला तेव्हा किनाऱ्यावर स्वाहिली मुसलमान व्यापारी आधीच होते. सोफाला बंदरामार्गे आतल्या पठारावरचं सोनं बाहेर पडत होतं. त्यामुळे पोर्तुगिजांपासून सुरुवात करू नका, शिक्षक मंडळी पकडतील.

गोव्याचा संबंध वरवरचा नाही. १७५२ पर्यंत मोझांबिकचा कारभार गोव्याच्या व्हाइसरॉयकडे होता. १६८६ मध्ये दीवच्या वाण्यांच्या मंडळीला दीव-मोझांबिक व्यापाराचा मक्ता मिळाला: इकडून कापड, तिकडून हस्तिदंत. झांबेझी खोऱ्यात 'प्राझो' नावाच्या प्रचंड जमीनदाऱ्या होत्या, आणि त्यांच्या धन्यांमध्ये गोवेकरही होते. १९ व्या शतकात गोव्यात जन्मलेल्या मान्युएल आंतोनियो द सौझाने खाजगी फौज बाळगून गोरोंगोझाच्या आसपास चक्क राज्य केलं. म्हणजे गोवेकर तिथे कारकून होते तसे वसाहतवाल्यांचे बाहूही होते. हे गुळगुळीत करून सांगू नये. दुसरी बाजू आकिनो द ब्रागांसा यांची. जन्म गोव्याचा, स्वातंत्र्यासाठी लढलेल्या आणि पुढे सत्तेत आलेल्या फ्रेलिमो संघटनेच्या विचारवंतांत मोठं नाव, आणि १९ ऑक्टोबर १९८६ ला राष्ट्राध्यक्ष समोरा माशेल यांच्यासोबत त्याच विमान अपघातात मृत्यू. डिसेंबर १९६१ मध्ये गोवा मुक्त झाल्यावर पोर्तुगिजांनी मोझांबिकमधल्या भारतीय नागरिकांना छावण्यांत डांबलं आणि पुढे देशाबाहेर काढलं, हेही सांगा.

२० वं शतक म्हणजे वेठबिगार, सक्तीची कापूस लागवड, आणि दक्षिणेतल्या पुरुषांची दक्षिण आफ्रिकेच्या खाणींत रवानगी. मजुरांच्या पगाराचा एक भाग राखून ठेवायचा आणि तो पोर्तुगिज सरकारला ठराविक दराने सोन्यात मिळायचा. १९६२ मध्ये फ्रेलिमो स्थापन झाली, १९६४ पासून सशस्त्र लढा, २५ जून १९७५ ला स्वातंत्र्य. पोर्तुगिज वसाहतवाले भराभर निघून गेले आणि देशात शिकलेली माणसं मूठभर उरली.

पुढच्या यादवीबद्दल (१९७७ ते १९९२) दोन सोप्या कथा चालतात, दोन्ही अर्धवट. फ्रेलिमोविरुद्ध लढणारी रेनामो ही बंडखोर संघटना ऱ्होडेशियाच्या (आजच्या झिंबाब्वेच्या) हेरखात्याने उभी केली आणि १९८० नंतर दक्षिण आफ्रिकेने पोसली, हे खरं. पण फ्रेलिमोने गावमुखिये मोडीत काढले, शेतकऱ्यांना सामुदायिक वस्त्यांत लोटलं, म्हणून रेनामोला खेड्यांत पाय रोवता आले, हेही खरं. दहा लाखांपर्यंत माणसं मेल्याचा अंदाज दिला जातो, त्यात उपासमारीचे बळी फार. काहोरा बासाची तार त्या काळात वर्षानुवर्षं मुकी पडली होती. ४ ऑक्टोबर १९९२ ला रोममध्ये शांतता करार झाला.

वेलदोडा:
दोघांचेही आभार. रुळांचा मुद्दा पक्का घेतला. गरिबी आणि उत्तरेतली लढाई राहिली. आणि तूर!

गजरी_तूर:
आधी कर्जाचं प्रकरण, कारण बँकवाले विचारतील. २०१३-१४ मध्ये टुना मासेमारी आणि किनारा-सुरक्षेच्या नावाखाली तीन सरकारी कंपन्यांनी २०० कोटी डॉलरच्या आसपास कर्ज उचललं. संसदेची मंजुरी नसताना सरकारने हमी दिली. २०१६ मध्ये लपवलेला भाग उघड झाला, नाणेनिधी आणि देणगीदार देशांनी अर्थसंकल्पाची मदत थांबवली, मेतिकाल, म्हणजे तिथलं चलन, कोसळला. माजी अर्थमंत्री मान्युएल शांग यांना ऑगस्ट २०२४ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात दोषी ठरवलं गेलं.

उत्तरेतला काबो देल्गादो प्रांत म्हणजे मापुतोपासून सर्वांत दूरचं टोक. किनाऱ्यावर म्वानी मुसलमान, आत माकोंदे आणि माखुवा. रस्ते, शाळा कमी. माँतेपुएझला माणकं सापडली, समुद्रात प्रचंड वायू सापडला, पण कामं आणि पैसा स्थानिक तरुणांच्या हाती लागला नाही. ऑक्टोबर २०१७ मध्ये मोसिंबोआ द प्राया इथे पहिला हल्ला. लोक या हल्लेखोरांना 'अल-शबाब' म्हणतात. सोमालियातली संघटना ही नव्हे, हा घोटाळा हमखास होतो. पुढे त्यांनी इस्लामिक स्टेटशी निष्ठा जाहीर केली. मार्च २०२१ मध्ये पाल्मा गावावर हल्ला झाला आणि टोटलएनर्जीज या फ्रेंच कंपनीने शेजारचा वायुप्रकल्प थांबवला. जुलै २०२१ पासून रवांडाचं सैन्य तिथे आहे. या प्रकल्पात तीन भारतीय सरकारी कंपन्यांचा मिळून ३० टक्के वाटा आहे, तेव्हा तो थांबला की आपलाही पैसा अडकतो.

राजकारण थोडक्यात: फ्रेलिमो १९७५ पासून सलग सत्तेत. ऑक्टोबर २०२४ ची निवडणूक विरोधकांनी अमान्य केली, महिनोन्‌महिने निदर्शनं झाली, नागरी संघटनांच्या मोजणीप्रमाणे तीनशेहून जास्त लोक मारले गेले. जानेवारी २०२५ मध्ये दानिएल शापो राष्ट्राध्यक्ष झाले, स्वातंत्र्यानंतर जन्मलेले पहिलेच.

आता तूर. नांपुला आणि झांबेझिया प्रांतांत छोटे शेतकरी मक्यात आंतरपीक म्हणून घेतात. पेरणी पावसाच्या सुरुवातीला, नोव्हेंबर-डिसेंबरात, काढणी जुलै-ऑगस्टपासून. नकालाहून माल आपल्याकडे साधारण सप्टेंबर ते नोव्हेंबरात पोचतो, म्हणजे लातूर-अकोल्याची नवी तूर बाजारात यायच्या आधी, साठा तळाला असताना. म्हणूनच व्यापाऱ्यांना ती हवी असते.

खोच अशी की तिथे तूर फारशी खात नाहीत, पिकवतात ती मुख्यतः आपल्यासाठी. २०१५-१६ मध्ये इकडे डाळ २०० रुपये किलोला भिडली तेव्हा भारताने जुलै २०१६ मध्ये करार केला, पाच वर्षांत दोन लाख टनांपर्यंत खरेदी वाढवण्याचा. तिकडे शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. पण लगेचच्या हंगामात आपल्याकडेच विक्रमी पीक आलं, ऑगस्ट २०१७ मध्ये भारताने आयातीवर मर्यादा घातली. करारातला कोटा वगळलेला होता, तरी नांपुलातले भाव ढासळले आणि कित्येकांच्या घरात माल पडून राहिला. करार २०२१ मध्ये पाच वर्षांनी वाढवला.

जुनी पुस्तकं वापरणार असाल तर नावं जुळवून घ्या: पोर्तो अमेलिया म्हणजे पेंबा, विला पेरी म्हणजे शिमोयो, जोआंव बेलो म्हणजे शाय-शाय. मेतिकालचे आकडे २००६ आधीचे असतील तर शेवटची तीन शून्यं उडवा, नाहीतर सगळा हिशेब हजार पटीने फुगेल.