आयाराम, फितूर, निष्ठावंत : पक्ष बदलण्याचे शब्द कोणाच्या बाजूने बोलतात?

पक्ष बदलणाऱ्या लोकप्रतिनिधीसाठी मराठीत शब्दांची टंचाई नाही. पक्षांतर, फूट, बंड, उठाव, फितुरी, गद्दारी, कोलांटउडी, घरवापसी असे कितीतरी शब्द रोजच्या वर्तमानपत्रात भेटतात, आणि आपण ते एकमेकांच्या जागी सहज वापरतो. हे शब्द समानार्थी नाहीत, हे या चर्चेत मला पहिल्यांदा मांडायचे आहे. त्याहून महत्त्वाचे असे की, यांतले जवळजवळ सगळे शब्द कोणत्या ना कोणत्या पक्ष कार्यालयाच्या दारातून घटनेकडे पाहतात. कोण आत आला, कोण बाहेर गेला, कोण नेत्याशी एकनिष्ठ राहिला, एवढेच ते सांगतात. ज्याने मत दिले, त्याच्या बाजूने बोलणारा शब्द या यादीत शोधावा लागतो.

‘पक्षांतर’ हा त्यांतला सर्वांत तटस्थ शब्द. देशांतर, भाषांतर, धर्मांतर या शब्दांत ‘अंतर’ म्हणजे ‘दुसरा’. त्याच धर्तीवर पक्षांतर म्हणजे दुसरा पक्ष आणि मग दुसऱ्या पक्षात जाणे. या शब्दात निंदा नाही आणि हेतूही नाही. मत बदलले म्हणून गेलेला, तिकीट नाकारले म्हणून गेलेला आणि चौकशीच्या भीतीने गेलेला असे तिघेही पक्षांतरच करतात. कायद्याला असा शब्द लागतो, कारण कायदा हेतूचा न्याय करायला बसलेला नसतो. वाचकाला मात्र तेवढ्याने पुरत नाही, म्हणून लोक दुसरे शब्द शोधतात.

‘आयाराम-गयाराम’ हा त्यांतला सर्वांत प्रसिद्ध. हरियाणा राज्य नवे होते. १९६७ मध्ये अपक्ष म्हणून निवडून आलेले आमदार गया लाल यांनी पंधरवड्यात तीन वेळा बाजू बदलली, त्यांतली एक फेरी तर अवघ्या काही तासांची होती. हरियाणातले नेते राव बिरेंद्र सिंह यांनी त्यांना पत्रकारांसमोर आणून ‘गयाराम आता आयाराम झाले आहेत’ अशा अर्थाचे उद्गार काढले आणि शब्द देशभर गेला. मुळात आयाराम आणि गयाराम हा एकच माणूस होता. मराठीत मात्र या जोडशब्दाची फोड झाली. ‘आयारामांना पायघड्या’ हा मथळा एका पक्षाच्या बातमीवर येतो आणि ‘गयारामांना धडा शिकवू’ हे वाक्य दुसऱ्या पक्षाच्या सभेत ऐकू येते. माणूस तोच असतो. त्याला कोणते नाव मिळणार, हे आपण कोणाच्या मांडवात बसलो आहोत यावर ठरते.

स्थानिक राजकारणातला सर्वांत चलाख शब्द मात्र ‘प्रवेश’ आहे, आणि त्याच्यापाशी थोडे थांबायला हवे. चौकातल्या फलकावर ‘असंख्य कार्यकर्त्यांसह जाहीर प्रवेश’ एवढेच लिहिलेले असते. खाली नेत्यांची छायाचित्रे पदाच्या क्रमाने लहान-मोठी होत जातात. व्यासपीठावर गळ्यात पक्षाचे उपरणे पडते, पुष्पगुच्छ दिला जातो आणि भाषणात ‘प्रभागाच्या विकासासाठी’ हे शब्द येतात. दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कोणी ‘हाती कमळ घेतलेले’ असते, कोणी ‘घड्याळ बांधलेले’, कोणी ‘मशाल हाती घेतलेली’, कोणी ‘तुतारी फुंकलेली’. या सगळ्या वाक्प्रचारांत येण्याचे वर्णन आहे. सोडण्याचे कोठेही नाही. प्रवेश म्हटले की आधीचे घर नाहीसे होते. परतणाऱ्यासाठी तर ‘स्वगृही परतले’ असा आणखी मायेचा शब्द आहे. ज्योतिषात ग्रह आपल्या राशीत आला की तो स्वगृही असतो. तो शब्द येथे आणला की मधली पाच वर्षे, त्या पाच वर्षांतली दोन्हीकडची भाषणे आणि दोन्ही वेळच्या मतदारांना दिलेला शब्द हे सगळे जणू प्रवासातले मुक्काम होऊन बसतात. माझ्या मते बातमी लिहिणाऱ्याने ‘प्रवेश’ हा शब्द एकटा वापरू नये. कोणत्या चिन्हावर निवडून आलेली व्यक्ती कोठे गेली आणि तिने आधीच्या पदाचा राजीनामा दिला की नाही, एवढे दोन तपशील त्याच वाक्यात असले, तर शब्दाची लबाडी आपोआप कमी होते.

‘विकास’ या शब्दाबद्दल वेगळे फार लिहिण्याची गरज नाही. निधी सत्ताधाऱ्यांच्या हातून सुटतो ही अडचण खरी आहे आणि प्रभागातला रस्ता अडला की नगरसेवकाला लोक जाब विचारतात हेही खरे. परंतु निधी पक्ष पाहून दिला जातो असे जो नगरसेवक प्रवेशाच्या दिवशी कबूल करतो, तो त्याच व्यासपीठावर बसलेल्या देणाऱ्याविरुद्ध मोठा आरोप करत असतो, याकडे कोणी लक्ष देत नाही.

कायद्याच्या भाषेत शब्दांचे वजन फारच वाढते. १९८५ मध्ये ५२ व्या घटनादुरुस्तीने राज्यघटनेत पक्षांतरबंदीचे दहावे परिशिष्ट आले. त्यात स्वेच्छेने पक्षाचे सदस्यत्व सोडणारा किंवा पक्षादेश मोडून मतदान करणारा सदस्य अपात्र ठरतो; पण एक तृतीयांश सदस्य बाहेर पडले तर ती ‘फूट’ मानून त्यांना संरक्षण दिले होते. किरकोळ पक्षांतराला बंदी आणि घाऊक पक्षांतराला मुभा, अशी टीका समाजवादी नेते मधू लिमये यांनी या कायद्यावर केली होती. २००३ च्या ९१ व्या घटनादुरुस्तीने फुटीचे हे संरक्षण काढून टाकले आणि दोन तृतीयांश सदस्यांच्या संमतीचे ‘विलीनीकरण’ तेवढे राहिले. म्हणजे आज ‘आमच्यात फूट पडली आहे’ असे म्हणणाऱ्याला कायद्याची सोय उरलेली नाही. त्यामुळेच आमदारांचा मोठा गट बाहेर पडतो तेव्हा तो आपण फुटलो असे सांगत नाही, मूळ पक्ष आपणच आहोत असे सांगतो. महाराष्ट्रात २०२२ मध्ये शिवसेनेत आणि २०२३ मध्ये राष्ट्रवादी काँग्रेसमध्ये हेच घडले. एका बाजूने गद्दारी म्हटले, दुसऱ्या बाजूने हे बंड नसून उठाव आहे असे म्हटले, आणि नाव व चिन्ह कोणाचे हा वाद निवडणूक आयोगापर्यंत गेला. बंड आणि उठाव या शब्दांतला फरक शब्दकोशात शोधून सापडणार नाही. बंड वरच्याला नको असते आणि उठाव खालच्याला हवा असतो, एवढाच तो आहे.

महापालिका, नगरपरिषदा, जिल्हा परिषदा आणि पंचायत समित्यांसाठी महाराष्ट्राचा १९८६ चा स्थानिक प्राधिकरण सदस्य अनर्हता (म्हणजे अपात्रता) अधिनियम आहे. या कायद्याच्या इंग्रजी पाठातही ‘आघाडी’ हा आपला मराठी शब्द जसाच्या तसा घेतलेला आहे, कारण निवडणूक लढवण्यापुरती एकत्र आलेली मंडळी आणि मान्यताप्राप्त पक्ष यांत गावपातळीवर फरक करावाच लागतो. ग्रामपंचायतीत तर पक्षचिन्हच नसते, तेथे ‘पॅनेल’ असते, आणि म्हणून निकालाच्या दिवशी तेच सरपंच दोन-तीन पक्षांच्या यादीत दिसतात. अपक्षाबाबत ‘पाठिंबा’ आणि ‘प्रवेश’ या दोन शब्दांमध्ये तर सदस्यत्वच टांगलेले असते : अपक्ष म्हणून निवडून आलेल्याने पाठिंबा दिला तर चालते, प्रवेश केला तर तो अपात्र ठरू शकतो. तसाच ‘माजी’ हा छोटा शब्द. २०२२ पासून अनेक महापालिकांत निवडून आलेले सभागृहच नव्हते, प्रशासक होते. त्या काळात जे शेकड्यांनी इकडून तिकडे गेले ते ‘माजी नगरसेवक’ होते. त्यांच्या हातात पदच नव्हते, तेव्हा पद जाण्याची भीतीही नव्हती आणि कायद्याचा त्यांच्याशी संबंधही नव्हता.

आता क्रियापदांकडे येतो, कारण मराठीची खरी ताकद तेथे आहे. ‘नगरसेवक फुटले’ आणि ‘नगरसेवक फोडले’ ही दोन वाक्ये एकाच बातमीच्या दोन बाजू सांगतात. फुटणे-फोडणे, वळणे-वळवणे, फितणे-फितवणे अशा जोड्या मराठीत तयार आहेत आणि त्या प्रत्येक जोडीत दुसरा माणूस उघडा पडतो. ‘पक्षांतर’ या नामात तो दिसत नाही. ‘पक्षाला गळती लागली’ किंवा ‘खिंडार पडले’ यांत तर कोणीच काही केलेले नसते, सगळे आपोआप घडलेले असते. महापौरपदाच्या निवडणुकीआधी नगरसेवक ‘अज्ञातस्थळी रवाना’ होतात, त्याला ‘सहल’ म्हणतात. ते तेथे गेले की नेले गेले, गाड्या कोणी ठरवल्या, हॉटेलचे पैसे कोणी भरले, फोन कोणाकडे जमा आहेत, हे प्रश्न ‘रवाना’ या शब्दात बुडून जातात. व्हिप, म्हणजे पक्षादेश, ‘बजावला’ जातो आणि घेणारा सापडत नाही म्हणून तो दारावर चिकटवला जातो, इतक्या टोकाला हा प्रकार जातो. ऑगस्ट २०२२ मध्ये विधानभवनाच्या पायऱ्यांवर विरोधी आमदारांनी शिवसेनेतून बाहेर पडलेल्या आमदारांना उद्देशून ‘पन्नास खोके, एकदम ओके’ ही घोषणा दिली. खोका म्हणजे कोटी हा मुंबईच्या गुन्हेगारी बोलीतला अर्थ त्या दिवसापासून घरोघरी पोहोचला. तो आरोप होता, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, हे शब्द वापरणाऱ्याने लक्षात ठेवले पाहिजे. पण त्या घोषणेतही घेणाराच दिसतो, देणारा नाही. म्हणून मी ‘फोडले’ आणि ‘फितवले’ या क्रियापदांचा आग्रह धरतो. फितणारा दोषी असेल, तर फितवणारा निदान तितकाच दोषी आहे, हे मराठी व्याकरणाने आधीच नोंदवून ठेवले आहे.

मग फितूर आणि गद्दार ही नामे का नकोत, असा प्रश्न योग्य आहे. ही नामे राज्याच्या व्यवहारातली आहेत. किल्ला शत्रूच्या हाती देणाऱ्याला फितूर म्हणतात, आणि सूर्याजी पिसाळ हे नाव आपल्या बोलीत त्याच अर्थाने सामान्यनामासारखे झाले आहे. पक्ष हे राज्य नव्हे आणि पक्षाध्यक्ष हा छत्रपती नव्हे. ज्या क्षणी आपण पक्ष सोडणाऱ्याला गद्दार म्हणतो, त्या क्षणी आपण न बोलता मान्य करतो की त्याची निष्ठा नेत्याला बांधलेली होती. ‘निष्ठावंत’ या शब्दाचेही तेच झाले आहे. वर्षानुवर्षे सभेच्या सतरंज्या उचलणारा, घरोघर मतदार याद्या घेऊन फिरणारा कार्यकर्ता हा निष्ठावंत. सकाळी प्रवेश घेतलेल्या माणसाला दुपारी एबी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीचा कागद, मिळतो तेव्हा ‘निष्ठावंतांवर अन्याय’ असा मथळा येतो. त्या कार्यकर्त्याचे दुःख खरे आहे आणि ते मला मनापासून टोचते. परंतु त्यानेच चिडून अपक्ष अर्ज भरला तर तो लगेच ‘बंडखोर’ होतो आणि माघारीच्या दिवशी त्याची समजूत पडली की ‘बंडोबाचा थंडोबा’. अशी चेष्टा त्याच्या वाट्याला येते; ज्याने एबी फॉर्म उचलला त्याच्या वाट्याला येत नाही.

‘सगळे सारखेच’ हा शब्दप्रयोगही या चर्चेत घ्यायला हवा, कारण तो आता विशेषण न राहता निकाल झाला आहे. तो ऐकायला कठोर वाटतो, पण प्रत्यक्षात सर्वांत मवाळ आहे. सगळे सारखेच म्हटले की अमुक एकाने काय केले हे विचारायचे राहत नाही. आणि सगळे सारखे नव्हते. मार्च १९४८ मध्ये समाजवाद्यांनी नाशिकच्या अधिवेशनात काँग्रेस सोडण्याचा निर्णय घेतला. त्यानंतर आचार्य नरेंद्र देव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उत्तर प्रदेशच्या विधानसभेतल्या आपल्या जागांचे राजीनामे दिले. ज्या पक्षाच्या नावावर निवडून आलो त्या पक्षात नाही, तर जागा ठेवण्याचा अधिकारही नाही, ही त्यांची भूमिका होती. तेव्हा पक्षांतरबंदीचा कायदा नव्हता. पोटनिवडणूक झाली आणि नरेंद्र देव फैजाबादमधून पराभूत झाले. त्यांनी केले तेही पक्षांतरच होते. आपल्या प्रभागातला जो सदस्य पद सांभाळून बाजू बदलतो, त्याच्यासाठी आणि नरेंद्र देवांसाठी एकच शब्द वापरणे मला अन्यायाचे वाटते.

हा फरक दाखवणारा शब्द नव्याने घडवण्याची गरज नाही, तो ‘कौल’ या शब्दात आहे. अरबीतून आलेल्या या शब्दाचा अर्थ वचन. राज्याने रयतेला दिलेल्या अभयाच्या लेखाला कौलनामा म्हणत, आणि आज आपण ‘जनतेचा कौल’ म्हणतो तेव्हा मतदाराने दिलेला निर्णय आपल्याला अभिप्रेत असतो. उमेदवाराने दिलेला शब्द आणि मतदाराने दिलेला निर्णय हे दोन्ही एकाच शब्दात मावतात. म्हणून निवडून आल्यावर राजीनामा न देता पक्ष सोडणाऱ्याबद्दल ‘त्याने कौल मोडला’ असे म्हणावे, अशी माझी सूचना आहे. त्यात नेता मध्ये येत नाही, राज्य आणि फितुरी येत नाही, आणि जाणारा कोणत्या पक्षातून कोणत्या पक्षात गेला यावर शब्द बदलत नाही. त्याला फोडणाऱ्याबद्दल ‘कौल मोडायला लावला’ असे सरळ म्हणता येते. राजीनामा देऊन पुन्हा मतदारांपुढे जाणाऱ्याबद्दल ‘नव्याने कौल मागितला’ हा प्रयोग आधीपासून रूढ आहे. माजी नगरसेवकाच्या हातात मात्र कौलच शिल्लक नसतो, तेव्हा त्याच्यासाठी ‘पक्ष बदलला’ एवढे साधे वाक्य पुरे आहे, ‘प्रवेश’ नको आणि ‘गद्दारी’ही नको.