गालावरच्या खड्ड्यांसाठी मायक्रोनीडलिंग: नेमकी काय अपेक्षा ठेवावी?

आठवी गल्ली (प्रश्न)

नमस्कार. माझे वय २८ आहे. कोल्हापुरात राजारामपुरीत राहते आणि कागलजवळच्या एका शाळेत शिकवत असल्यामुळे रोज दुचाकीने ये-जा होते. कॉलेजच्या वर्षांत मला मोठे, दुखरे मुरूम येत असत. गेली तीन वर्षे ते पूर्ण थांबले आहेत, पण दोन्ही गालांवर खड्डे आणि त्यांच्या भोवती काळपट डाग राहून गेले आहेत. समोरून उजेड असला तर फारसे जाणवत नाही. वर्गात खिडकीतून तिरपा उजेड आला की मात्र प्रत्येक खड्ड्याची सावली पडते, आणि पाचवीतली मुले अगदी निरागसपणे विचारतातच.

त्वचारोगतज्ज्ञांना दाखवले तेव्हा त्यांनी मायक्रोनीडलिंगच्या, म्हणजे बारीक सुयांनी त्वचा टोचण्याच्या, चार ते सहा सिटिंग्ज सुचवल्या, दोन सिटिंग्जमध्ये महिना ते दीड महिना अंतर ठेवावे लागेल असे सांगितले आणि खड्डे पूर्ण जाणार नाहीत हेही आधीच बजावले. घराजवळच्या एका पार्लरमध्ये हेच काम निम्म्याहून कमी पैशांत आणि ‘पहिल्याच सिटिंगला फरक’ या हमीवर करून देतो म्हणतात. खर्चाचा प्रश्न असल्याने मन द्विधा झाले आहे.

सुया टोचल्याने खड्डा भरतो तरी कसा? दुखते किती, आणि चेहरा माणसांत नेण्यासारखा व्हायला किती दिवस लागतात? आणखी एक अडचण अशी की चैत्रात आमच्या गावची सासनकाठी जोतिबाला जाते आणि त्या दिवशी गुलालातून कोणाचीच सुटका नसते. तेव्हा यात्रेच्या आधी सुरुवात करावी की नंतर?

ताराबाई पार्क

मी त्वचारोगाचीच प्रॅक्टिस करतो. चेहरा न पाहता निदान करता येत नाही, त्यामुळे पुढचे सर्व सर्वसाधारण माहिती म्हणून वाचावे.

आपण ‘खड्डे’ आणि ‘डाग’ हे शब्द वेगळे वापरलेत हे फार बरे केलेत. आपल्याकडे बहुतेक जण दोन्हींना डागच म्हणतात आणि तिथूनच अपेक्षांचा घोळ सुरू होतो. काळपट डाग म्हणजे दाह शमल्यावर मागे राहिलेले रंगद्रव्य असते आणि ते सनस्क्रीन, मलमे व काळ यांनी बरेचसे फिके होते. खड्डा म्हणजे आतल्या थरातले कोलॅजन (त्वचेला आधार देणारे प्रथिन) मुरुमाच्या दाहात नष्ट झाल्याची खूण असते. तिथे वरून काहीही लावले तरी ते तितक्या खोलवर पोहोचत नाही. मायक्रोनीडलिंग मुख्यतः या दुसऱ्या प्रकारासाठी आहे.

खड्डा सुईने भरत नाही, तो त्वचा स्वतः थोडाफार भरून काढते. अतिशय बारीक सुयांनी त्वचेत असंख्य सूक्ष्म छिद्रे पाडली की तिथल्या रक्तबिंबिका (प्लेटलेट्स) वाढीचे घटक सोडतात, त्या संदेशाने फायब्रोब्लास्ट नावाच्या पेशी कामाला लागतात आणि नवे कोलॅजन तयार करू लागतात. हे कोलॅजन आधी कच्चे असते. त्याची पक्क्या कोलॅजनमध्ये अदलाबदल व्हायला काही महिने जातात. म्हणूनच शेवटच्या सिटिंगनंतर तीन ते सहा महिने झाल्याखेरीज निकाल ठरवू नये. या पद्धतीचा उगम मोठा गमतीचा आहे. कॅनडातील कामिराँ आणि दूसे या दोघांनी व्रणांचा पांढुरका रंग झाकण्यासाठी त्वचेच्या रंगाची शाई गोंदवली होती. पुढे शाई फिकी पडल्यावर खालचा व्रणच सुधारल्याचे त्यांच्या ध्यानात आले, तेव्हा त्यांनी शाईविना नुसती सुई चालवून पाहिली आणि १९९७ मध्ये ते निरीक्षण प्रसिद्ध केले. दक्षिण आफ्रिकेतील डेस्मंड फर्नांडिस यांनी त्याच कल्पनेला पुढे सुयांच्या रोलरचे रूप दिले. आज दवाखान्यांत बहुधा विजेवर चालणारे पेन वापरतात, आणि मुरुमांच्या व्रणांसाठी अशा एका पेनला अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाने २०१८ मध्ये, २२ वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींसाठी, मान्यता दिली.

आता पार्लरबद्दल. चेहऱ्याच्या त्वचेचा सर्वांत वरचा थर मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याच्या आसपास असतो, व्रण त्याच्या खाली असतो, आणि त्यासाठी साधारण दीड ते अडीच मिलिमीटर खोली लागते. पार्लरमध्ये पाव किंवा अर्धा मिलिमीटर सुई वापरत असतील तर चेहरा चार दिवस तुकतुकीत दिसेल, खड्ड्याला मात्र त्याचा पत्ताही लागणार नाही. आणि ते खरोखरच दोन मिलिमीटर खोल जात असतील तर रक्त येणार, म्हणजे ती वैद्यकीय प्रक्रिया झाली आणि ती तिथे होता कामा नये.

सर्व खड्डे सारखी दाद देत नाहीत. आरशासमोर गालाची त्वचा दोन बोटांनी हलकेच ताणून पाहा. ताणल्यावर जे उथळ, पसरट खड्डे जवळजवळ नाहीसे होतात ते चांगली दाद देतात. टाचणीने टोचल्यासारखे अरुंद आणि खोल खड्डे ताणूनही तसेच राहतात, आणि त्यांना एकट्या मायक्रोनीडलिंगने फारसा फरक पडत नाही.

चेहऱ्यावर चालू मुरूम, नागीण किंवा ओठांवरची पुरळ, अंगावर व्रण फुगून वाढण्याची प्रवृत्ती, कोड, सोरायसिस, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या, गर्भारपण यांपैकी काहीही असेल तर आधी सांगावे. मुरुमांसाठी आयसोट्रेटिनॉइन घेतले असेल तर तेही कधी थांबवले ते सांगावे.

फौंड्रीवाला

डॉक्टरांनी शास्त्र सांगितले. मी शिरोली एमआयडीसीत कामाला आहे आणि पाच सिटिंग्ज करून बसलो आहे, म्हणून अनुभव लिहितो.

आधी तासभर बधिर करणारे मलम लावून बसवतात. त्यानंतर गालांवर नुसती खरखर जाणवते. कपाळ आणि वरच्या ओठाजवळ मात्र डोळ्यांत पाणी येते. टिपक्या-टिपक्यांनी रक्त येते, ते सलाइनने पुसतात आणि वीस-पंचवीस मिनिटांत काम संपते. त्या संध्याकाळी चेहरा मे महिन्याच्या उन्हात पन्हाळा पायी चढून आल्यासारखा लाल आणि तापलेला होता. दुसऱ्या दिवशी डोळ्यांखाली थोडी सूज, तिसऱ्या दिवशी लाली ओसरून हात फिरवला तर पॉलिश पेपरसारखा खरखरीतपणा, आणि पाचव्या दिवसापर्यंत बारीक कोंडा गळून गेला. माणसांत जायला तीन दिवस पुरतात, पण मी दुसऱ्याच दिवशी भट्टीजवळ उभा राहिलो ही माझी चूक झाली. उष्णता आणि धूळ यांनी एका गालावर काळसर पट्टा उठला आणि तो जायला दोन महिने लागले.

‘पहिल्याच सिटिंगला फरक’ म्हणतात ते खोटे नाही, फक्त तो फरक कशाचा असतो ते कोणी सांगत नाही. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सुजेमुळे त्वचा फुगते आणि खड्डे खरोखर भरल्यासारखे दिसतात. मी घरात सर्वांना आरशासमोर उभा राहून दाखवले होते. आठवड्याने सूज उतरली आणि खड्डे होते तिथे परत आले, तेव्हा पैसे पाण्यात गेले असे वाटून मी पुढची सिटिंग रद्दच करणार होतो. डॉक्टरांनी पहिल्या दिवशी काढलेला फोटो जपून ठेवला होता म्हणून तिसऱ्या सिटिंगनंतर खरा फरक कळला. आज माझ्या अंदाजाने पसरट खड्डे निम्म्याने उथळ झाले आहेत. कानशिलाजवळचे दोन अरुंद खड्डे ढिम्म हलले नाहीत. त्यांत टोकदार काडीने तीव्र आम्ल लावण्याचा वेगळा उपचार करावा लागला.

रंकाळा वेस

मी स्वस्तातला तिसरा मार्ग निवडला होता, तो कोणी निवडू नये म्हणून लिहिते. ऑनलाइन मिळणारा एक मिलिमीटर सुयांचा रोलर मागवला आणि घरीच आठवड्यातून दोनदा फिरवू लागले. तेव्हा हनुवटीवर चार मुरूम होते. ते पंधरा दिवसांत जबड्यापर्यंत पसरले. वर ‘आता त्वचा चांगले शोषून घेईल’ म्हणून व्हिटॅमिन सी सीरम लावले, त्याची आग रात्रभर शमली नाही. रोलरच्या सुया काही वापरांतच वाकतात हे मला नंतर कळले. सर्वांत लाज वाटणारी गोष्ट म्हणजे तोच रोलर डेटॉलच्या पाण्यात बुडवून धाकट्या बहिणीलाही दिला होता.

ताराबाई पार्क

रंकाळा वेस, आपण मोकळेपणाने लिहिलेत म्हणून दोन गोष्टी स्पष्ट करतो. ताज्या छिद्रांवर लावलेले सीरम त्वचेच्या आत जाते, आणि वरून लावण्यासाठी बनवलेली द्रव्ये आत गेल्यावर शरीर त्यांना परके मानून गाठी धरू शकते. व्हिटॅमिन सीच्या बाबतीत अशी उदाहरणे वैद्यकीय साहित्यात नोंदलेली आहेत. दुसरे, रक्त लागलेली सुई जंतुनाशकाच्या पाण्यात बुडवून निर्जंतुक होत नाही. अमेरिकेत न्यू मेक्सिको राज्यातील एका विनापरवाना स्पामध्ये रक्तातील प्लाझ्मा वापरून असाच उपचार घेतलेल्या महिलांना एचआयव्हीची लागण झाल्याचे तेथील आरोग्य यंत्रणेने २०२४ मध्ये प्रसिद्ध केले. आपण आणि आपल्या बहिणीने एकदा हेपॅटायटिस बी, सी आणि एचआयव्हीची तपासणी करून घ्यावी. शक्यता कमी आहे, परंतु तपासणी सोपी आहे.

आठवी गल्ली

आपणा सर्वांचे आभार. त्वचा ताणून पाहिली. डाव्या गालावरचे बहुतेक खड्डे जातात, उजव्या गालावरचे चार-पाच तसेच राहतात. पार्लरचा विचार सोडला. आता दोनच शंका आहेत. दवाखान्यात पीआरपी आणि रेडिओ फ्रिक्वेन्सी असे दोन महागडे पर्याय सांगितले होते, ते सुरुवातीपासून घ्यावेत का? आणि यात्रेचे काय करावे?

ताराबाई पार्क

पीआरपी म्हणजे आपल्याच रक्तातील रक्तबिंबिकांचा अर्क. काही अभ्यासांत त्याने थोडा अधिक फायदा दिसतो, परंतु पहिल्या दोन सिटिंग्ज साध्या करून पाहाव्यात असे माझे मत आहे. रेडिओ फ्रिक्वेन्सीत सुईच्या टोकाशी उष्णता दिली जाते. परिणाम चांगला मिळू शकतो, तसेच भाजण्याचा आणि त्वचेखालची चरबी कमी होण्याचा धोकाही येतो, म्हणून ते अनुभवी हातांतच असावे. आपल्यासारख्या गव्हाळ-सावळ्या त्वचेवर साध्या मायक्रोनीडलिंगचा मोठा फायदाच हा आहे की त्यात उष्णता नसते, त्यामुळे लेसरच्या तुलनेत काळे पडण्याची भीती कमी राहते. उजव्या गालावरच्या त्या चार-पाच खड्ड्यांसाठी फौंड्रीवाला यांनी सांगितलेल्या आम्लाच्या उपचाराबद्दल डॉक्टरांना आधीच विचारा, म्हणजे खर्चाचा अंदाज एकदाच येईल. दुसरे मत हवे असेल तर सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात दाखवता येईल. सिटिंगच्या वेळी सुयांचे सीलबंद पाकीट आपल्यासमोर फोडायला सांगा. त्यात संकोच करण्यासारखे काही नाही.

यात्रेपूर्वी सुरुवात करू नका. ताज्या त्वचेवर गुलाल बसला तर रंगाचे कण आत अडकू शकतात, आणि दिवसभराचे डोंगरावरचे ऊन वेगळेच. चैत्र पौर्णिमा झाल्यावर आठ-दहा दिवसांनी, चेहरा पूर्ण शांत असल्यास, पहिली सिटिंग घ्या. पुढे सुट्टी लागते, त्यामुळे रोजची दुचाकी टळेल. पहिले २४ तास साधे मॉइश्चरायझर सोडून काही लावू नका. दुसऱ्या दिवसापासून किमान एसपीएफ ३० चे सनस्क्रीन दर तीन तासांनी, आणि रेटिनॉलसारखी मलमे आठवडाभर बंद. ढगाळ जून-जुलैतही सनस्क्रीन सुटता कामा नये, कारण अतिनील किरणे ढगांतून बरीचशी येतात.

फौंड्रीवाला

आणि फोटो विसरू नका. समोरच्या उजेडातले फोटो निरुपयोगी असतात. ज्या तिरप्या उजेडात मुले विचारतात त्याच उजेडात काढा.

आठवी गल्ली

आज चौथ्या तासाला खिडकीजवळ उभी राहून दोन्ही गालांचे काढून ठेवले. दवाखान्यात पौर्णिमेनंतरच्या दुसऱ्या सोमवारची वेळ घेतली आहे.