मदत हवी आहे : तहकूब ग्रामसभेत वाडीची कामं आराखड्यात कशी घालून घ्यायची?

नमस्कार मंडळी. गाव गुहागर तालुक्यातलं, खाडीकाठचं. वाडीतल्या पऱ्यालगत (पावसाळी ओढ्यालगत) सिमेंटचा रस्ता करायचं काम ग्रामपंचायत विकास आराखड्याच्या मसुद्यात धरलंय. त्यासाठी पऱ्याचं पात्र आवळणार. मग पावसाचं पाणी जाणार कुठे? आत्ताच जुलैत लाल माती वाहून विहिरीत उतरते, पाणी आठवडाभर गढूळ. आम्हाला विहिरीचा गाळ काढून, कठडा उंच करून हवाय आणि म्हावरं सुकवायला ओटा.

सह्यांचं निवेदन दिलंय, पोच आहे. वॉर्डसभा झालीच नाही. ग्रामसभा गणपूर्तीअभावी (पुरेसे मतदार हजर नसल्याने) तहकूब झाली. १५ टक्के किंवा १०० मतदार, यांतले कमी ते लागतात, पण बरेच मतदार मुंबईला. तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही, त्यामुळे मसुदा तसाच मंजूर होईल ही धास्ती आहे. पंधराव्या वित्त आयोगाचा ६० टक्के निधी पाणी-स्वच्छतेसाठी बंधित (त्याच कामांना राखून) ठरवलेला, त्यामुळे विहिरीला पैसे नाहीत असं ग्रामपंचायत सांगते ते काही पटत नाही.

सरपंच भावकीतलेच. कोर्टकचेरी नकोय, रस्त्यालाही विरोध नाही, फक्त पऱ्या मोकळा राहू दे.

कोणी हे केलंय का? तहकूब सभेत आराखड्याच्याच विषयावर उपसूचना (मूळ ठरावात दुरुस्ती) मांडून कामं बदलता येतात का? आणि आराखडा ई-ग्रामस्वराज या सरकारी पोर्टलवर चढला, तर बदलासाठी ग्रामपंचायतीचा ठराव पुरतो की गटविकास अधिकाऱ्यांकडे जावं लागतं?