मदत हवी आहे: रिव्ह्यू दिला आणि पोरगा गायबच झाला

गोदाकाठ: अर्जंट आहे. आमच्या ओपन सोर्स लायब्ररीला एका नवख्याचा पहिलाच पीआर (पुल रिक्वेस्ट, म्हणजे 'माझा हा बदल घ्या' अशी विनंती) आला. मी रिव्ह्यू केला. आठ दिवस झाले, उत्तर नाही. काय लिहू म्हणजे तो परत येईल? रविवारी रिलीज काढायचंय. 'धीर धरा' छापाचे सल्ले नकोत.

टर्मिनलवाला: कसली लायब्ररी? किती कॉमेंट टाकल्यात? ज्योतिषालाही आधी पत्रिका द्यावी लागते हो.

गोदाकाठ: मराठी अक्षरं मोजणारी, पायथनमधली. तेवीस कॉमेंट. सगळ्या बरोबर होत्या.

अर्धविराम: तेवीस! त्यातल्या स्पेस, व्हेरिएबलची नावं, इम्पोर्टचा क्रम यावर किती?

गोदाकाठ: अठरा असतील.

अर्धविराम: स्पेस आणि इम्पोर्टसाठी माणसाने तोंड उघडूच नये. प्री-कमिटमध्ये, म्हणजे कोड जमा होण्याआधीच्या आपोआप तपासणीत, रफ हे कोड नीटनेटका करणारं टूल लावून टाका. यंत्र बोललं तर कुणी रुसत नाही.

टर्मिनलवाला: हल्लीच्या पोरांना काही बोलायची सोयच नाही. लिनक्स कर्नलवर त्याचे जनक लिनस टॉरवाल्ड्स काय एकेकाला सोडायचे!

मिसळ_तर्रीवाली: त्याच टॉरवाल्ड्सनी सप्टेंबर 2018 मध्ये स्वतःच्या वागण्याबद्दल माफी मागून काही दिवस रजा घेतली. ते बरं लक्षात राहत नाही तुमच्या! गोदाकाठ, एखादी कॉमेंट जशीच्या तशी चिकटवा पाहू.

गोदाकाठ: त्याने थेट पायथनच्या 'लेन'ने (len, लांबी मोजणारं फंक्शन) अक्षरं मोजली होती. मी लिहिलं, "चूक. युनिकोड वाचून ये." आणि 'रिक्वेस्ट चेंजेस' (बदल करून आण) दाबलं. नेहमीसारखंच.

मिसळ_तर्रीवाली: युनिकोड म्हणजे काय नाशिकच्या सीबीएस बस स्टँडवरची पाटी आहे, जाता जाता वाचून यायला? त्याला दाखवा ना. युनिकोडमध्ये (संगणकात अक्षरांना क्रमांक देणारी पद्धत) काना-वेलांटी वेगळी मोजतात, म्हणून 'नाशिक'ची लेन 5 येते, आपण 3 अक्षरं म्हणतो. 'क्षि'ची 4 येते. हे दोन शब्द टेस्टमध्ये घालून बघ म्हणा, चूक त्याची त्यालाच दिसेल. बाकी किरकोळ असेल तिथे सजेशन (तयार दुरुस्ती) टाका, एका क्लिकवर घेईल. आणि पहिल्यांदा पीआर टाकणाऱ्याला 'रिक्वेस्ट चेंजेस'ची ती लाल खूण म्हणजे नापासच वाटतं.

टर्मिनलवाला: क्षि 4 नाही, 2. रेजेक्स मॉड्यूलच्या बॅकस्लॅश कॅपिटल एक्सने मोजा, ते अख्खं दिसणारं अक्षर एक धरतं.

अर्धविराम: कोडपॉइंट, म्हणजे युनिकोडचे सुटे तुकडे, 4 च: क, हलन्त, ष, इकार. तुमचे 2 जुन्या नियमाने. 2023 च्या युनिकोड 15.1 पासून क्षि तुटत नाही, 1 च.

टर्मिनलवाला: रेजेक्स मॉड्यूलची कुठली आवृत्ती?

लासलगावकर: धाग्याशी संबंध नाही, पण कांद्याचे रोजचे भाव देणारं फुकट एपीआय आहे का कुणाकडे?

गोदाकाठ: पोरगा गंगापूर रोडलाच राहतो, सेकंड इयरला आहे. फोन करू?

अर्धविराम: हे आत्ता सांगताय? फोन नको, दचकेल. चारचौघांत झापलंत ना, मग तिथेच लिहा. आणि रिलीजची घाई तुमची, त्याची नाही. हा पीआर पुढच्या रिलीजला घ्या.

गोदाकाठ: लिहिलं. "मी फारच तुटक लिहिलं, सॉरी. टेस्टचं टेबल तू झकास मांडलंयस. त्यात नाशिक आणि क्षि घाल आणि काय येतं ते सांग. स्पेसबिस मी बघतो." वीस मिनिटांत उत्तर: "सर, 5 आणि 4 येतंय. पण क्षि एकच ना? मला वाटलं पीआर रिजेक्ट झाला, म्हणून मी फोर्क, म्हणजे माझी कॉपीच, उडवणार होतो."

टर्मिनलवाला: त्याला सांगा, बॅकस्लॅश एक्स वापर.

अर्धविराम: आवृत्ती बघून!

लासलगावकर: कांद्याचं कुणी बघतंय का?