४० मीटरवर मराठीत गप्पा मारायच्यात, कुठला डिजिटल मोड?

लूमवाला (इचलकरंजी)
नमस्कार मंडळी. हॅम रेडिओचं, म्हणजे हौशी बिनतारीचं लायसन्स मिळून आठ महिने झाले. मावसभाऊ दापोलीला असतो, तोही हॅम. दोघांकडे २० वॅटचे रिग (रेडिओ संच) आणि तारेचे डायपोल अँटेना. माझ्या घराला चारही बाजूंनी यंत्रमाग, त्यामुळे ७ मेगाहर्ट्झवर (म्हणजेच ४० मीटरच्या बँडवर) सिग्नल मीटरचा काटा नुसत्या खरखरीनेच दिवसभर एस-७ च्या खाली उतरत नाही. आवाजात बोलायला गेलो की 'हॅलो, हॅलो'तच दम संपतो. एफटी-८ या संगणकावरून चालणाऱ्या डिजिटल मोडवर मात्र पहिल्याच दिवशी जमलं. पण कॉलसाइन (स्टेशनचं नाव), सिग्नलचा रिपोर्ट, ७३ (म्हणजे शुभेच्छा), खेळ खलास. स्वतःचा मजकूर घालायचा तर १५ सेकंदांच्या फेरीत तेरा अक्षरं. 'मावशीचा गुडघा कसा आहे' एवढंही मावत नाही. पीएसके-३१, जेएस-८ की ऑलिव्हिया? काय घेऊ?

बँडप्रेमी
जेएस-८ लाव, विषय संपला. एफटी-८ च्याच पायावर उभं आहे, पण वाक्यं टाइप करता येतात. भाऊ रेडिओपाशी नसला तरी निरोप त्याच्या मशीनवर पडून राहतो. ७.०७८ मेगाहर्ट्झवर या.

जुना शॅक (मिरज)
विषय एवढ्यात संपत नाही रे बाबा. तू मराठीत बोलणार आहेस ना? मग ऐक. जेएस-८ जागा वाचवायला शब्दांचा कोश वापरतं, आणि तो कोश इंग्रजी. 'वेदर' झटकन जातं; 'गुडघा' रोमन लिपीत लिहिलास की कोशात सापडत नाही, तुकडे पाडून पाठवावा लागतो. फेऱ्या वाढतात. मी आणि माझा एक जुना दोस्त वर्षभर जेएस-८ वर होतो. माझं वाक्य निघेपर्यंत त्याचा चहा व्हायचा.

ऑलिव्हियाला भाषेशी देणंघेणं नाही, ती अक्षरागणिक चालते. ८/२५० म्हणजे आठ सूर, अडीचशे हर्ट्झ रुंदी. दर दोन सेकंदांनी पडद्यावर तीन अक्षरांचा घोस पडतो. मिनिटाला नव्वदेक अक्षरं झाली. मी टाइप करतो त्याच वेगाने म्हण ना! सिग्नल बरा असेल तर ८/५००, वेग दुप्पट. शिवाय घड्याळ जुळवायची कटकट नाही. जेएस-८ ला दोन्ही संगणकांची वेळ एक-दोन सेकंदांत जुळावी लागते. पावसात नेट गेलं की वेळ सरकते. ऐकू येणाऱ्या सिग्नलांवरून ती सावरायची सोय त्यात आहे, पण नवख्याला ती सापडायलाच वेळ लागतो.

पीएसके-३१ चं नाव काढू नकोस असं नाही. शांत बँडवर फार गोड चालतं, पण चूक दुरुस्त करायची सोय त्यात नाही. फेडिंग आलं, म्हणजे सिग्नल वर-खाली व्हायला लागला, की ओळीत कचरा.

जेएस-८ ऑलिव्हियापेक्षा खोलवरचं, म्हणजे जास्त क्षीण सिग्नल ऐकतं, हे मात्र खरं. म्हणून हाक मारायला, निरोप ठेवायला ते; गप्पांना ऑलिव्हिया. दोघांनी सूर आणि रुंदी एकच ठेवा, नाहीतर एक अक्षर दिसणार नाही. एफएलडिजी या सॉफ्टवेअरमध्ये आरएसआयडी (मोडची ओळख सांगणारा सिग्नल) सुरू ठेवलंत तर तेही आपोआप जुळतं. आणि पॉवर निम्मी कर. इथे ट्रान्समीटर सलग भाजून निघतो, आवाजासारखी उसंत मिळत नाही. एएलसीचा (रिगची पॉवर आपोआप आवरणाऱ्या यंत्रणेचा) काटा हलला की साउंड कार्डचा आवाज कमी कर.

तारकरी
मोडआधी तार बघा. इचलकरंजी ते दापोली सरळ रेषेत पावणेदोनशे किलोमीटर आणि मध्ये सह्याद्री. डायपोल पाच-सहा मीटरवरच राहू दे, म्हणजे सिग्नल सरळ वर जाऊन वातावरणाच्या वरच्या थरावरून परत खाली येईल, डोंगर आडवा येणार नाही. दुपारी बोला, अंधार पडला की ७ वर लांबचे ऐकू येतात नि जवळचे गायब. एकदा घरचा मेन स्विच पाडून रिग बॅटरीवर लाव आणि मीटर बघ. निम्मा दोष आपल्याच एलईडी दिव्यांचा निघतो.

लूमवाला (इचलकरंजी)
मंडळी, रविवारी करून पाहिलं. मेन पाडल्यावर एस-७ चा एस-५ झाला. इन्व्हर्टर निघाला चोर, शेजारचे माग उगीच बदनाम. ८/५०० वर मधली अक्षरं गळत होती, ८/२५० वर बसलं. 'मावशीचा गुडघा कसा आहे' वीसेक सेकंदांत गेलं. उत्तर तीन-तीन अक्षरांनी उतरत होतं, मी खुर्चीच्या टोकावर. 'ऑपरेशन नको म्हणते. तूच समजाव.' आता ते कुठल्या मोडवर समजावायचं ते सांगा.